वाटेवर माउली, ओसरीत आडनाव

पंढरपूरला जायला रजा मिळत नाही न् गुडघेही साथ देत नाहीत, अशा आम्हा नागपूरकरांसाठी धापेवाडा आहे. नदीचं नाव इथंही चंद्रभागाच. कोलबास्वामींसाठी आषाढी पौर्णिमेला खुद्द पांडुरंग इकडे येतो, अशी श्रद्धा. भक्तासाठी देवानं एकादशीनंतर पुन्हा प्रवासाला निघावं, हे मला फार आवडतं. सरकारी कचेरीत इतकी सोय कोणी करत नाही.

काटोल नाक्यावरून अंधारातच निघालो. पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, टाळकरी, मृदंग, विणेकरी. कोणी शिट्टी मारत नाही, तरी रांग मोडत नाही. फेटरीच्या पुढे माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एका काकांनी पिशवीतून दाभण-दोरा काढला, रस्त्याच्या कडेला फतकल मारली, माझी चिखलानं भरलेली चप्पल मांडीवर घेतली आणि दातानं दोरा तोडत शिवून दिली. वर "माउली" म्हणून माझ्याच पाया पडले. निवृत्त तहसीलदार आहेत, हे नंतर कळलं.

माझा भाऊ म्हणतो, देव मानायचा तर मनात मान. हे मठ, ट्रस्ट, वर्गण्या कशाला? पण मनातल्या देवाच्या भरवशावर मी गोरेवाड्याच्या पुढे गेले नसते. इतक्या लोकांना जेवू घालायला, थकलेल्या म्हातारीला ट्रॅक्टरवर बसवायला पिठाची पोती लागतात, वर्गणीची वही लागते, वहीवरून भांडणारी माणसंही लागतात.

कळमेश्वरच्या अलीकडे एका ओसरीवर पाण्याला टेकलो. घरची आजी मोठी प्रेमळ. "कोन्या गावच्या जी तुमी? आडनाव काय म्हनलं?" मी सांगितलं. स्टीलचा पेला माझ्या हाती आला. मग माझ्या मैत्रिणीला विचारलं. तिनं सांगितलं. आजी आत गेली आणि तिच्यासाठी प्लास्टिकचा ग्लास घेऊन आली. तोंडावरचं हसू तेच. मैत्रीण पाणी प्यायली, ग्लास स्वतःच विसळून पालथा ठेवला.

पुढे अभंग चोखोबांचा लागला. माझ्या तोंडून शब्द निघेना. चोखोबा आमच्याच विदर्भातल्या मेहुणाराजाचे मानले जातात. पंढरपुरात त्यांची समाधी आहे ती महाद्वारासमोर, दाराबाहेर. त्यांचे अभंग सहा शतकं गायले गेले, पण ते दार अस्पृश्यांसाठी उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. बडव्यांचे वंशपरंपरेचे हक्क काढून घ्यायला १९७३ चा कायदा लागला आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाची मोहर २०१४ मध्ये उमटली. टाळ कुटून यातलं काही झालं नाही.

मैत्रिणीचे आजी-आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. मी तिला म्हटलं, "भाऊ म्हणतो तेच बरोबर वाटतं मला आता." ती म्हणाली, "कायचं बरोबर? बाबासाहेबांनी धर्म सोडून घरी बसा म्हटलं का? धम्म दिला, बावीस प्रतिज्ञा दिल्या. एकट्याच्या मनातल्या देवानं आमची विहीर खुली झाली असती काय?" दसऱ्याला तिच्या घरी बाहेरगावचे अनोळखी लोक उतरतात, दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर भोजनदान चालतं, लोक पिशव्या भरून पुस्तकं नेतात. मी म्हटलं, तिथं तर कोणी आडनाव विचारत नसेल. ती हसली. "लग्न जुळवताना ये, मग पाय."

"मग वारीत कायले आली?"

"चालाले आवडते. न् तू एकटी बोअर करते सगळ्यायले."

दर्शन झालं, गर्दी नेहमीसारखीच. परतताना तहसीलदार काकांना सांगितलं: दिंडीच्या बैठकीत मी विषय काढणार. जिथं जिथं आपण पाण्याला, पंगतीला थांबतो, त्या घरांना आधीच निरोप द्यायचा की आडनाव विचारायचं नाही. विचारलं तर पुढच्या वर्षी दिंडी तिथं थांबणार नाही. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "जुनी घरं आहेत, दुखावतील."

दुखावू देत. वर्गणीच्या वहीत माझंही नाव आहे.