सेन्सर टाकला म्हणजे गाळ मोजला, असं नसतं भो

पावसाळा आला की तापीवरच्या हतनूर धरणाच्या गाळाचा विषय निघतोच, आणि मग ग्रुपवर कोणीतरी विचारतं की नदीत सेन्सर टाकून दिला तर रोजचा गाळ घरबसल्या कळणार नाही का. कळतो, पण सरळ कळत नाही.

सेन्सर गाळ मोजतच नाही. तो पाण्यात इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि कणांवर आपटून ९० अंशात किती उजेड येतो ते बघतो, म्हणजे हा झाला गढूळपणा. गाळ म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम, आणि त्यासाठी बाटली भरायची, पाणी गाळणकागदातून गाळायचं, तो कागद ओव्हनमध्ये १०५ अंशाला वाळवून वजन करायचं, याला पर्याय नाही. अशा बऱ्याच बाटल्या झाल्या की गढूळपणा आणि गाळ यांचं समीकरण बसतं, मग सेन्सरच्या दर पंधरा मिनिटांच्या आकड्यावरून गाळ काढता येतो.

आता आपल्याकडची गंमत बघा. पूर्णा नदी काळ्या मातीतून येते, बारीक चिकणमाती घेऊन, आणि तेवढ्याच वजनाच्या वाळूपेक्षा ही माती कितीतरी जास्त उजेड परतवते. म्हणून चांगदेवला, पूर्णा तापीला मिळते त्या संगमाच्या वर, पूर्णेत बसवलेलं समीकरण तापीला लावलं की हिशोब चुकलाच समजा, प्रत्येक ठिकाणाचं वेगळं करावं लागतं. नुसत्या पातळीवरूनही भागत नाही, कारण पाणी चढताना आणि उतरताना पातळी तीच असली तरी गाळ सारखा नसतो, बऱ्याचदा चढत्या पाण्यातच जास्त असतो.

आणि वर्षाचा बहुतेक गाळ पुराच्या मोजक्या दिवसांत जातो. समजा ५०० क्युमेक्स, म्हणजे सेकंदाला ५०० घनमीटर, पाणी चाललंय आणि लिटरला २ ग्रॅम गाळ आहे, तर सेकंदाला एक टन झाला, दिवसाला ८६,४०० टन! पण बाटल्या भरल्या जातात जानेवारीत, निवांत, पाणी काचेसारखं असताना. त्या बाटल्यांवरून पुराचा आकडा काढणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. मला विचाराल तर महागडा सेन्सर एक कमी घ्या, पण चढत्या पाण्यात रात्री पुलावर उभा राहणारा माणूस ठेवा, आणि त्याला दोरीची बादली देऊ नका, वरवरच्या पाण्यात जाड वाळू येतच नाही, नमुना वरपासून तळापर्यंतचा पाहिजे.

लेन्स पुसायचा ब्रश चालतोय का तेही बघत जा, उन्हाळ्यात शेवाळ चढलं की स्वच्छ पाण्यातही आकडा वाढत जातो. पुरात आकडा वर जाऊन सरळ रेषेत अडकला तर सेन्सरची मर्यादा संपली समजायची. तळाने घरंगळत जाणारी वाळू तर यात धरलेलीच नाही, तिचं मोजमाप वेगळं.