कोबीच्या पानातले पारवे

पोलंडमधल्या क्राकूवच्या रेल्वे स्टेशनजवळून ४ नंबरची ट्राम पकडली की वीस-पंचवीस मिनिटांत नोवा हुता येतं. पोलाद कारखान्यातल्या कामगारांसाठी १९४९ पासून वसवलेलं गाव. रुंद रस्ते, कमानी, एका साच्यातल्या करड्या इमारती. साम्यवाद्यांनी आखलेल्या या गावाच्या मुख्य चौकाला आता रोनाल्ड रेगनचं, साम्यवादाच्या कट्टर विरोधक अमेरिकी अध्यक्षाचं, नाव आहे. काळानं केलेली थट्टा म्हणायची आणि पुढे चालायचं. मी तिथे गेले होते ती कोबी उकडायला.

क्राकूवात ज्या बाईंकडे खोली घेतली होती त्यांची आई नोवा हुतात राहते. पोलंडला येऊन 'गोवोम्प्की' घरी केलेले खाल्ले नाहीत तर काय खाल्लं, असं बाईंचं म्हणणं. गोवोम्प म्हणजे कबूतर आणि गोवोम्प्की म्हणजे छोटी कबुतरं, आपले पारवेच म्हणा ना. पानात गुंडाळलेले हे मुटके पातेल्यात शेजारी शेजारी बसवले की खरंच पंख मिटून बसल्यासारखे दिसतात.

आदल्या दिवशी क्लेपाशच्या बाजारात गेलो. हे एके काळी क्राकूवच्या वेशीबाहेरचं स्वतंत्र शहर होतं, १३६६ साली वसलेलं. आता जुन्या बुरुजापासून चालत पाच मिनिटांवरची मंडई. मी सवयीनं घट्ट, जड गड्डा उचलला, तर बाईंनी तो हातातून काढून परत ठेवला. कोशिंबिरीला तो चांगला, पण त्याची पानं सुटी होताना फाटतात. त्यांनी निवडला तो चपटा, मोठा आणि जरा सैल, आपण मंडईत बाजूला सारू तसला.

आजींच्या स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं दारातूनच बोलायचं. लेक दारात उभी राहून दुभाष्याचं काम करत होती. पोलिश भाषेत बाईंना आदरानं 'पानी' म्हणतात. पानी म्हणत म्हणत दिवसभर पानंच सोलायची आहेत, हे मला मनातल्या मनात फार गमतीचं वाटलं. ते त्यांना समजावायच्या फंदात मात्र पडले नाही.

आजींनी गड्ड्याचा दांडा सुरीनं गोल कोरून काढला, त्या भोकात काटा खुपसला आणि अख्खा गड्डा उकळत्या पाण्यात सोडला. दोन-तीन मिनिटांत बाहेरचं पान मऊ पडतं, ते अलगद सोडवायचं. मग पुढचं. घाईनं ओढलं तर पान फाटतं, आणि बोटं भाजतात ती वेगळीच. पान ताटावर पालथं घालून मधली जाड शीर सुरी आडवी धरून तासायची. इथे माझा हात आपोआप चालू लागला. अळूच्या पानांच्या शिरा मी लहानपणापासून तासत आलेय. आजी बघत राहिल्या, लेकीला काहीतरी म्हणाल्या. लेक म्हणाली, "आई म्हणते, हिला कुणीतरी शिकवलंय."

आतलं सारण म्हणजे डुकराचा खिमा, अर्धवट शिजवलेला भात, लोण्यात परतलेला कांदा, मीठ, मिरी आणि चिमूटभर मार्जोरम हा सुगंधी सुका पाला. मटणाबद्दल कोल्हापूरकरांना कुणी शिकवू नये, पण डुकराचा खिमा हातानं मळायची माझी ही पहिलीच वेळ. पाच मिनिटांत संकोच गेला. लाल तिखटाचा डबा मात्र डोळे शोधतच राहिले. जुन्या पद्धतीत तांदळाऐवजी भरड धान्य असायचं. नाताळच्या आदल्या रात्रीच्या बिनमांसाच्या जेवणात आजही काही घरी बकव्हीट आणि रानातल्या सुक्या अळंबीचं सारण भरतात. बकव्हीट म्हणजे उत्तरेत उपवासाला चालतो तो कुट्टू. इथेही तो व्रताच्या जेवणातच भेटावा, याची मला मौज वाटली.

"गाव कुठलं तुझं?" आजींनी विचारलं. कोल्हापूर म्हटल्यावर चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग मी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं सांगितलं. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडातून सायबेरिया-कझाकस्तानात हाकललेली, सुटल्यावर इराणमार्गे आलेली. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं. लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही जातो ते हेच गांधीनगर. लेक भाषांतर करत गेली, मध्ये अडखळली. आजींचा खिम्यातला हात थांबला होता. "मुलंसुद्धा?" एवढंच त्यांनी विचारलं. मग हात धुऊन चहाला पाणी ठेवलं.

पुढे माझी फजिती झाली. शीर तासण्यावर शाबासकी मिळाल्यामुळे मी वळायलाही पुढे सरसावले आणि अळूवडीसारखे कचकचून वळले. आजी मान हलवत होत्या, मला ते कौतुक वाटलं. खरं तर भात अर्धाच शिजलेला असतो, तो आत फुगतो. त्याला जागा हवी. देठाकडे सारण ठेवायचं, दोन्ही बाजू आत घ्यायच्या आणि हलक्या हातानं गुंडाळायचं, बस्स.

पातेल्याच्या तळाशी फाटकी पानं अंथरली, म्हणजे खाली लागत नाही. त्यावर सोळा पारवे शिवण खाली करून दाटीनं बसवले. वरून सूप, तमालपत्र आणि मिरीसारख्या दिसणाऱ्या ऑलस्पाईस मसाल्याचे चार दाणे घालून झाकण ठेवलं. मंद आचेवर दीड तास. टोमॅटोचा सॉस वेगळा झाला, त्यात चमचाभर आंबट साय.

झाकण काढलं तर माझे दोन उसवून भात बाहेर आलेला. आजींनी ते डब्यात भरले आणि ताटातल्यांवर शेपू भुरभुरला. घरी शेपूच्या भाजीला नाक मुरडणारी मी, इथे बोट चाटून शेपू खात होते. टोमॅटोच्या आंबटगोडात तो फार छान लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीवर बाईंनी डब्यातले पारवे आडवे कापले आणि लोण्यात तव्यावर परतले. शिळे झाल्यावरच खरे लागतात, असं त्यांचं मत, आणि ते बरोबर आहे. फुटलेले दोन आधी संपले. त्यांचाच भात तव्याला लागून सगळ्यात कुरकुरीत झाला होता.