आगाऊ डाउनलोड

कोकण रेल्वेवर उक्षी मागे गेलं की करबुड्याचा बोगदा येतो. साडेसहा किलोमीटर. रेंज तशी रोह्यानंतर येऊनजाऊनच असते, म्हणजे बोगद्यातून बाहेर आलं की दोन दांड्या दिसतात, एखादा मेसेज धापा टाकत येतो तोवर पुढचा बोगदा, पण करबुड्यात मात्र ती बया पार माहेरी गेलेली असते. मी पण माहेरीच चालले होते. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, मांडवीची खिडकी, आणि मी मोठ्या ऐटीत फोन काढला कारण या वेळी तयारी होती. म्हणजे माझी नव्हती, फोनची होती.

झालं असं की आदल्या रात्री बॅग भरता भरता बघितलं तर मी ज्या ॲपवर सिरीज बघते (नाव नको, सगळी एकाच माळेचे मणी) त्याने आपणहून कळवलेलं, तुमच्यासाठी काही डाउनलोड करून ठेवलंय. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! या घरात मी न सांगता कोणी माझ्यासाठी काही करून ठेवल्याचं अलीकडे तरी आठवत नाही, नवऱ्याला साधी मटकी भिजत घाल म्हटलं तरी दोनदा आठवण करावी लागते. मग मी काय, निश्चिंत. आत काय आहे ते बघितलंसुद्धा नाही.

बोगद्यात उघडलं तर तीन एपिसोड कोरियन झॉम्बींचे. एप्रिलच्या सुट्टीत भाचा पंधरा दिवस येऊन राहिला होता, त्याची ही कृपा. एक कार्टून, ते पण त्याचंच. आणि माझी अर्धवट राहिलेली सिरीज होती हो, होती, पण तिच्यावर बोट ठेवलं तर म्हणे मुदत संपली, एकदा इंटरनेटला जोडा. बोगद्यात! डोंगराच्या पोटात! समोरचे काका शांतपणे शेंगा सोलत होते, त्यांची तयारी माझ्यापेक्षा चांगली होती.

घरी पोचले तर आईची बेगमी जोरात. मागच्या पडवीत आमसुलं वाळतायत, गच्चीवर पोह्याचे पापड, सांडगी मिरची, एका कोपऱ्यात मातीत घोळवून ठेवलेल्या आठळ्या, कुळथाच्या पिठाचा डबा नुकताच भरलेला. पाऊस कोसळायला लागला की बाजारात जाता येणार नाही, भाजी मिळणार नाही, लाईट जाईल, हे सगळं गृहीत धरून बाई मार्चपासून कामाला लागलेली. आता खरं तर पावसाळ्यात पण सगळं मिळतं, कोपऱ्यावर दुकान आहे, दारात टेम्पो येतो. पण आईचा पावसाळा अजून तिच्या लहानपणचाच आहे.

दुपारी पाय पसरून पापडांची राखण करत बसले (कावळे!) तेव्हा डोक्यात आलं की अरे हे तेच की. फोन जे करतो त्याला आपल्याकडे शब्द आहेच, बेगमी. रस्ता बंद होणार, गर्दी होणार, म्हणून रस्ता मोकळा आहे तेव्हाच माल घरी आणून ठेवायचा. इंटरनेटचा पावसाळा रोज संध्याकाळी येतो इतकाच फरक. रात्री नऊला सगळं गाव एकदम बघायला बसतं आणि पहाटे चारला तोच रस्ता ओस. म्हणून नेटफ्लिक्सने २०१२ च्या सुमारास काय केलं, तर आपली स्वतःची कपाटं, म्हणजे डिस्का ठासून भरलेले सर्व्हर, ठिकठिकाणच्या इंटरनेट कंपन्यांच्या आवारात नेऊन ठेवायला सुरुवात केली, आणि लोक झोपलेले असताना त्यात दुसऱ्या दिवशी काय खपेल त्याचा अंदाज बांधून माल भरायचा. म्हणजे रात्री आपण प्ले दाबतो तेव्हा तो पिक्चर बहुतेक वेळा अमेरिकेहून येतच नाही, तो आधीच इथल्या वाण्याकडे येऊन पडलेला असतो. नाहीतर एवढ्या लांबून समुद्राखालच्या केबलमधून यायचं म्हणजे प्रकाशालासुद्धा वेळ लागतो, आणि प्रत्येकासाठी वेगळी खेप.

वाण्यानंतर उरतं ते आपलं स्वयंपाकघर, म्हणजे हातातला फोन. तिथवरही ते पोचलेच. २०१६ च्या नोव्हेंबरात डाउनलोड आलं, ते आपलं आपण करायचं. २०१८ मध्ये एक एपिसोड बघून झाला की तो पुसून पुढचा आपोआप घेऊन ठेवायची सोय आली. आणि २०२१ पासून तर तुम्ही फक्त जागा सांगायची, एक जीबी, तीन जीबी की पाच जीबी, आणि काय भरायचं ते ते ठरवणार. थोडक्यात फडताळ तुमचं, किल्ली त्यांची.

आणि पूर्वी आपण हे हातानं करायचो, आठवतंय का? २००९-१० साली घरी जे काय ब्रॉडबँड होतं त्यावर यूट्यूबचा व्हिडिओ लावायचा आणि लगेच पॉज करायचा. खाली ती करडी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायची, तोवर आपण चहा टाकायचा, कपडे वाळत घालायचे, मधेच येऊन बघायचं किती भरलं, आणि अर्ध्याच्या पुढे गेली की सगळ्यांना हाका मारायच्या, या रे या, झालंय! आमच्याकडे तर भाऊ घड्याळ लावून हिशोब करायचा की चार मिनिटांचं गाणं किती वेळात भरतं. मग २०१३ च्या आसपास यूट्यूबने पद्धत बदलली आणि पट्टी आपली थोडंसं पुढे जाऊन थबकायला लागली, कितीही वेळ पॉज करून ठेवा ढिम्म हलायची नाही. कारण लोक व्हिडिओ अर्ध्यात सोडून जातात आणि भरलेलं सगळं फुकट जातं म्हणे. बरोबर आहे त्यांचं, पण आम्ही कुठे सोडून जात होतो, आम्ही चहा करत होतो.

नंतर नाईट पॅक आले. रात्री बारा ते सहा डेटा स्वस्त, त्यासाठी अलार्म लावून उठणारे लोक मी बघितलेत, अभ्यासाला कधी उठले नसतील. २०१४ च्या शेवटी यूट्यूबने भारतात ऑफलाइनचं बटण दिलं, घेतलेला व्हिडिओ अठ्ठेचाळीस तास टिकायचा, मग शिळा. २०१६ मध्ये तर आता निवडून ठेवा, रात्री स्वस्त डेटात आपोआप उतरेल अशीही सोय केली, आणि मग त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि स्वस्त रात्र आणि महाग दिवस हा प्रकारच मोडीत निघाला. सोय करणाऱ्याचं नशीब बघा, छत्री उघडली आणि ऊन पडलं.

तरी बेगमी थांबली नाही, उलट वाढली, कारण आता ती डेटा वाचवायला नाही तर आपल्याला क्षणभरही थांबायला लागू नये म्हणून होते. रील बघताना अंगठ्याने वर सरकवलं की पुढची लगेच कशी सुरू होते? कारण आपण ही बघत असताना खालच्या एकदोन येऊन उभ्या असतात. पंगतीत वाढपी कसा, आपली पोळी संपत आली की पुढची हातात धरून तयारच, नको म्हणायला तोंड उघडावं तर ताटात पडलेली. फक्त इथे आग्रह त्यांचा आणि दीड जीबीचं बिल आपलं. न बघितलेली पोळीसुद्धा हिशोबात धरली जाते.

यात एक मात्र मला मनापासून आवडलेली गोष्ट आहे. इन्स्टाग्रामच्या दोन संस्थापकांपैकी माइक क्रीगर यांनी २०११ मध्ये एका भाषणात सांगितलं होतं की ते फोटो शेअरचं बटण दाबायच्या आधीच वर पाठवायला सुरुवात करतात. म्हणजे तुम्ही फोटोखाली काय लिहू, काय लिहू करत बसलेले असता तोवर फोटो तिकडे पोचलेला पण असतो. शेअर दाबलं की झटक्यात होतं आणि आपल्याला वाटतं काय स्पीड आहे! आई नेमकं हेच करते. पाहुणे जरा टेका आता, चहा घेणार का, असं ती विचारते ना, तेव्हा आत आधण उकळत असतं.

आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखलेलं दिसतंय, कारण आधी केलेल्याला आपण आगाऊ म्हणतो आणि नको तिथे नाक खुपसणाऱ्या पोरालाही आगाऊच म्हणतो. आगाऊ रक्कम, आगाऊ कार्टं. कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं याची रेघ फार बारीक. ॲपलने ९ सप्टेंबर २०१४ ला ही रेघ ओलांडली होती. यू-टू या आयरिश बँडचा नवा अल्बम त्यांनी जगभरातल्या पन्नास कोटी आयट्यून्स खात्यांमध्ये फुकट टाकून दिला, ज्यांचं आपोआप डाउनलोड चालू होतं त्यांच्या तर थेट फोनात येऊन बसला. फुकट असून लोक भडकले. आठवड्याभरात तो काढून टाकायला खास वेगळं पान करावं लागलं आणि गायक बोनो यांनी पुढे माफीही मागितली. मला तेव्हा लोकांचं नवल वाटलं होतं, आता वाटत नाही. उद्या शेजारणीने किल्ली आहे म्हणून येऊन माझ्या फ्रिजमध्ये पाच किलो लोणचं ठेवलं, ते कितीही चांगलं असो, तर मी पण आधी माझं दूध कुठे सरकवलं तेच विचारेन.

गेमवाल्यांची रीत मला त्यातल्या त्यात शिस्तीची वाटते. हाफ-लाइफ टू नावाचा गेम १६ नोव्हेंबर २००४ ला यायचा होता, तर स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, तो त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या कॉम्प्युटरवर थोडा थोडा उतरवून ठेवला होता, पण कुलूपबंद. फाइली सगळ्या आपल्याकडे, उघडता मात्र येणार नाहीत, ठरलेल्या वेळी तिकडून किल्ली येणार. हे म्हणजे दिवाळीच्या फराळासारखं झालं. चकल्या वरच्या फळीवर आहेत, डबा दिसतोय, वास येतोय, पण नैवेद्य झाल्याशिवाय हात लावायचा नाही. आम्ही लावायचो ती गोष्ट वेगळी.

तर आईकडे आठ दिवस राहिले. निघायच्या आदल्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे पिशवी भरणं सुरू झालं आणि नेहमीप्रमाणे सगळ्यात वर फणसपोळी. भली मोठी, चार घड्या करून, प्लास्टिकमध्ये. आता हे मी कुठे बोलत नाही पण मला फणसपोळी आवडत नाही. आवडायची, चौथी-पाचवीत असताना, तेव्हा मी ताटात वाळत घातलेलीच कडेने सोलून खायचे आणि ओरडा खायचे. त्याला झाली तीसेक वर्षं. आईच्या नोंदीत ते तसंच राहिलंय, हिला फणसपोळी, धाकट्याला आंब्याचं साठ. मुदत बिदत काही संपत नाही तिथे. आणि मी पण कधी नको म्हटलं नाही, दर वर्षी घेऊन येते, ऑफिसमध्ये वाटते, सगळे तुटून पडतात, आईला सांगते संपली. आईला वाटतं मी संपवली.

ॲपला मी झॉम्बींवरून केवढ्या शिव्या घातल्या होत्या, आणि त्याचा अंदाज तर फक्त महिन्याभराने शिळा होता.

त्या संध्याकाळी सहज म्हणून मी आईला फोनवर फणसपोळी करायचा व्हिडिओ लावून दिला. कुठल्याशा ताईंचा, छान कॅमेरा बिमेरा लावून केलेला. आई चष्मा लावून, फोन हातभर लांब धरून बघत होती. ‘बरका फणस घेतलाय ना, हां, बरका दिसतोय. ताटाला तूप लावलं, बरोबर. अगो, साखर किती घालते ही! बरक्याला कशाला हवी एवढी साखर? चिमूटभर मीठ घाल आणि गप ऊन दाखव.’ मग दुसरा बघितला, त्या बाईंनी मिक्सर लावला म्हणून आई दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग तिसरा. जेवणाची वेळ झाली तरी आमचं चाललेलं. रात्री फोन शेजारच्यांच्या वायफायवर चार्जिंगला लावून झोपले.

परतीच्या गाडीत रत्नागिरी सुटली, भोके गेलं, आणि आला करबुडे. अंधार. रेंज गायब. व्हिडिओचं ॲप उघडलं तर त्याने रात्रीतून बेगमी करून ठेवलेली, चार व्हिडिओ, चारही फणसपोळीचे. मांडीवरच्या पिशवीत फणसपोळी, फोनात फणसपोळी, बाहेर साडेसहा किलोमीटर कातळ. पहिलाच लावला, तो साखरवाल्या ताईंचा, सहा मिनिटांचा, बोगदापण साधारण तेवढाच. बघता बघता पिशवीत हात गेला आणि कडेचा एक तुकडा तोडला.

खरं सांगू का, साखर जास्तच घालते ती बाई.