पेलेट निवडीची वही : पेरणीपासून वेचणीपर्यंत

काल संध्याकाळी एअर रायफलनं साठ पेलेट, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्या, मारले, 600 पैकी 578 गुण. जूनमध्ये, पेरणीच्या आधी, याच गोदामात याच रायफलीवर 571 होते. या सात गुणांतले माझ्या हाताचे किती आणि पेलेटचे किती, हे मला वेगळं काढून बघायचं होतं. त्यासाठी पाच महिने वही ठेवली. 10 मीटर एअर रायफल मारणाऱ्यांच्या उपयोगाचं त्यातलं जे आहे ते इथे लिहितो.

जागा आधी सांगतो. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, घरामागे आजोबांच्या वेळचं कापसाचं गोदाम. पूर्वी जिथं कापूस मोजायचा काटा होता, तो सिमेंटचा ओटा अजून आहे. गावातल्या वेल्डरकडून अँगलचा शिकंजा करून घेतला आणि त्याच ओट्यात बोल्टनं बसवला. रायफल त्यात आवळली की माणूस बाजूला होतो. शिकंजा नसेल तर पेलेटची परीक्षा करण्यात अर्थ नाही, कारण आपला श्वाससुद्धा ग्रुपमध्ये, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांच्या पुंजक्यात, मिसळतो.

बाहेरच्या देशांतले लांब पल्ल्याचे नेमबाज काडतुसं स्वतः भरतात. दारू तोलतात, पितळी केसेस निवडतात, गोळी किती खोल बसली ते मोजतात. आपल्याकडे काडतूस भरणं हे शस्त्र अधिनियम, 1959 खाली परवान्याचं काम आहे, घरी बसून करायची गोष्ट नाही. स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य घेतलं, त्या प्रकारातल्या .22 च्या काडतुसाचं तर पेटणारं मसाल्याचं कडं बुडाच्या काठातच असतं, ते पुन्हा भरता येत नाही. म्हणून तिथले नेमबाज वेगवेगळे लॉट (लॉट म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेला माल) आपल्या बॅरलमधून मारून बघतात आणि जमेल तो लॉट उचलतात. आपल्या हातातही तेवढंच आहे: निवड. पण निवड नीट केली तर तेवढीही पुष्कळ आहे.

किती फरकाची गोष्ट आहे ते आकड्यात बघा. पेलेट 4.5 मिलिमीटरचा, वजन साधारण 0.53 ग्रॅम. 170 मीटर प्रति सेकंद वेगानं निघाला तर 10 मीटर जाईपर्यंत सुमारे 17 मिलिमीटर खाली येतो, हवेचा अडथळा धरला नाही तर. वेग 168 झाला की हा उतार 17.4 होतो. म्हणजे 0.4 मिलिमीटर. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि दशांश गुण मोजतात तिथं प्रत्येक दशांश पाव मिलिमीटरचा. वेगातल्या दोन मीटरच्या फरकानं दीड दशांश गेला. साठ शॉट्समध्ये हे असं झिरपत राहतं.

माझी पहिली चूक काट्याची. मिलिग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घेतला आणि लगेच 500 चा डबा तोलायला बसलो. दोन संध्याकाळी गेल्या, सहा ढीग झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी सहज एका ढिगातले दहा पेलेट परत ठेवले, तर सगळे 3 मिलिग्रॅम जड. पेलेट तेच होते. काटा सरकला होता. गोदामाचे पत्रे दुपारी तापतात आणि रात्री निवतात, त्यात पंखा सुरू. मग एकच पेलेट वीस वेळा ठेवून-उचलून बघितला, तेव्हा कळलं की या काट्याला 2 मिलिग्रॅमच्या आतला फरक ओळखताच येत नाही. मी 1 मिलिग्रॅमचे ढीग करत होतो. आता काटा अर्धा तास आधी सुरू करतो, पंखा बंद ठेवतो, दर 25 पेलेटनंतर सोबत आलेलं प्रमाण वजन ठेवून बघतो आणि ढीग तीनच करतो: हलके, मधले, जड. तालुक्याच्या सोनारकाकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमी सोनं तोलताना दुकानातला पंखा काहून बंद करतो, हे आता समजलं ना भाऊ?"

वजनानं मिळालं किती? थोडंच. 0.533 च्या जागी 0.538 चा पेलेट आला तरी लक्ष्यावरचा उतार दोन दशांश मिलिमीटरच्या आतच बदलतो. वहीतही तसंच उतरलं.

खरा बदल काचेनं केला. जुन्या फोटोफ्रेमची काच एका कडेला पातळ पट्टी लावून तिरपी ठेवायची आणि वरच्या कडेवरून पेलेट आडवा सोडायचा. पेलेटचं डोकं लहान आणि मागचा पोकळ स्कर्ट मोठा, त्यामुळे तो सरळ न जाता डोक्याच्या बाजूला वळत खाली येतो. डोकं आणि स्कर्ट यांची मापं सारखी असतील तर प्रत्येक पेलेट त्याच कमानीनं येऊन त्याच जागी थांबतो. वेगळा असेल तो दोन बोटं अलीकडे किंवा पलीकडे जातो. स्कर्टला चेप असेल तर हलका हिसका देत उतरतो.

हा हिसका मला सुरुवातीला दिसत नव्हता. आईला दिसला. ती शेजारी वाटाणे सोलत बसली होती, हात न थांबवता म्हणाली, "हा पाह्य, लंगडत चालला. याले बाजूले काढ." भिंगाखाली धरला तर स्कर्टच्या काठाला नखाएवढीही नाही अशी चपटी जागा. आयुष्यभर तुरीच्या डाळीतले खडे वेचलेली नजर आहे ती. त्यानंतर काचेचं काम तिच्याकडेच. मात्र शिसं हे शिसं आहे: काच वेगळी, ताट वेगळं, स्वयंपाकघरातलं सूप किंवा परात अजिबात नाही, आणि उठल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय पाण्याच्या माठालाही हात नाही. लहान मुलांना त्या खोलीत येऊ देत नाही.

500 मधले 61 लंगडे निघाले. शिकंजातून दहा-दहाचे ग्रुप मारले, प्रत्येक प्रकाराचे पाच. छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर, सरासरी: न निवडलेले 7.4 मिलिमीटर, फक्त तोललेले 7.2, फक्त काचेवरून निवडलेले 6.6, दोन्ही केलेले 6.5. यावरून माझं मत ठाम झालं आहे. वेळ कमी असेल तर काटा सोडा, काच धरा.

ऑक्टोबरअखेर वेचणी सुरू झाली आणि नवीनच अडचण आली. गोदामात कापूस आला की हवेत रुवा तरंगतो, उन्हाच्या तिरिपेत दिसतो. निवडलेले पेलेट फोमच्या ट्रेमध्ये उघडेच ठेवले होते. एका सकाळी तीन शॉट लागोपाठ घड्याळाच्या चारच्या बाजूला गेले. ट्रे भिंगाखाली घेतला तर स्कर्टच्या आत पांढरे तंतू, एकदोन तर तेलकट डोक्याला चिकटलेले. बॅरलमधून साफसफाईचं फेल्ट (नमद्याचा बोळा) फिरवलं तर त्यावरही तेच निघालं. साफसफाईनंतर ग्रुप परत जागेवर यायला पंधराएक शॉट लागले. आता घट्ट झाकणाचा डबा, आणि मारताना एका वेळी दहाच पेलेट बाहेर.

बाकीच्या दोन गोष्टी थोडक्यात. रायफल रात्रभर ठेवली की रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक शॉटसाठी हवेचा दाब ठरवणारा भाग, किंचित सरकतो. वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर पहिला शॉट 174, नंतरचे 170-171. म्हणून पहिले दोन शॉट हिशोबात धरत नाही. आणि रायफलीचा दाबलेल्या हवेचा सिलिंडर पत्र्याखाली ठेवायचा नाही: 25 अंशांवर 200 बार भरलेला असेल तर 45 अंशांवर तो 213 च्या आसपास जातो, आणि आपल्याकडे मे महिन्यात 45 म्हणजे काही विशेष नाही. सिलिंडरवर छापलेली मुदत संपली की तो बदलायचाच, त्यात काटकसर नको.

आतापर्यंतचं सगळं डोक्याचा व्यास 4.50 मिलिमीटर असलेल्या एकाच लॉटवर झालं आहे. 4.49 आणि 4.51 चे एकेक डबे नागपूरहून येणाऱ्या भाच्याच्या पिशवीत आहेत, तो रविवारी पोचतो. शिकंजाचे बोल्ट आवळून ठेवले आहेत. आईनं काच पुसून, कापडात गुंडाळून कपाटावर ठेवली आहे.