उपवास आणि मधुमेहाची गोळी
आषाढी एकादशीच्या उपवासालाही आई सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी नेमाने घेऊ पाहते, तेव्हा मला काळजी वाटते. कारण पोटात अन्न असो वा नसो, ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि रक्तातली साखर ७० मिग्रॅ/डेलिच्या खाली गेली की दरदरून घाम फुटतो, हात थरथरू लागतात. नुसत्या मेटफॉर्मिनने, म्हणजे मधुमेहाच्या दुसऱ्या एका गोळीने, असे क्वचितच होते. म्हणून उपवासाआधी डॉक्टरांना विचारूनच मात्रा ठरवावी. रक्तातली साखर उतरल्यास ३ चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. मात्र सोबत व्होग्लिबोज ही साखरेचे पचन मंदावणारी गोळी चालू असेल, तर साधी साखर लवकर रक्तात पोहोचत नाही. तेथे ग्लुकोज पावडरच हवी, आणि तिचा डबा आम्ही आईच्या गोळ्यांशेजारीच ठेवतो. रुग्ण शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे.