आमची वाटचाल : जिन्याखालच्या गाळ्यापासून

आमचं टंकन-छपाईचं दुकान २००६ साली सुरू झालं. सांगलीत गणपती पेठेत, जिन्याखालचा दहा बाय बाराचा गाळा. श्रीलिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरचं एक डोंगल, एक लेझर प्रिंटर, लॅमिनेशनचं यंत्र आणि आम्ही दोघे भागीदार. मी हिशेब आणि गिऱ्हाईक बघायचो, तो की-बोर्डवर. इतकी शुद्ध आणि वेगवान मराठी टंकणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

सरकारी काम आम्ही शोधायला गेलो नव्हतो. माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला आणि कलम ४ ची सतरा बाबींची माहिती करून घ्यायला कार्यालयांतले लेखनिक आमच्याकडे यायला लागले. रचना, कार्ये, अधिकाऱ्यांची निर्देशिका, मासिक वेतन, अंदाजपत्रक. आम्ही टंकायचो, स्पायरल बाइंडिंग करायचो, आणि ते पुस्तक कपाटात जाऊन बसायचं. ही माहिती लोकांनी मागण्याआधीच त्यांच्यासमोर ठेवायची, म्हणजे त्यांना अर्ज करावा लागणार नाही, असं कायदा सांगतो. कपाटातलं पुस्तक कोण बघणार? म्हणून आम्ही संकेतस्थळांकडे वळलो.

पहिली अडचण फॉन्टची. या धंद्यातल्या प्रत्येकाने ती भोगली आहे. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, संकेतस्थळाला लागणाऱ्या युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं बरोबर उलटं. भागीदाराने रात्री जागून जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा स्वतःचा कन्व्हर्टर लिहिला. कुठलं चिन्ह कुठे जाणार याचा तक्ता त्याने आधी हाताने, दोनशे पानी वहीत मांडला होता. ती वही आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

२०११ मध्ये शेजारच्या जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेचं काम मिळालं. कार्यादेश ३ लाख ८५ हजारांचा. आम्ही सतरा बाबींची सतरा पानं केली, कायद्यातल्या शब्दांत, जशी सगळे करत होते तशी. मुख्याधिकारी खूश होते. तेव्हा आमचे एक जुने गिऱ्हाईक मला म्हणाले, ‘हे बाजारात नेऊन लोकांना दाखवलंत का?’ ते निवृत्त मुख्याध्यापक, त्याच गावचे. आमच्याकडे पत्रकं छापायचे आणि आगाऊ पैसे देणारं ते एकमेव गिऱ्हाईक. आम्ही त्यांना सर म्हणतो.

मग सोमवारच्या बाजारात आम्ही टेबल टाकलं. लॅपटॉप, डोंगलवरचं इंटरनेट, आणि बाजूला लोकांचे प्रश्न लिहून घ्यायला कागदाच्या चिठ्ठ्या. येणाऱ्याला एकच काम सांगायचं : तुमच्या घरासमोरच्या रस्त्याची माहिती यातून शोधून दाखवा. पहिल्या सोमवारी एकालाही ती सापडली नाही. आम्ही प्रभाग क्रमांकाने यादी लावली होती आणि कुणालाच आपला प्रभाग क्रमांक माहीत नव्हता. लोक सांगायचे ‘मारुतीच्या मागचा बोळ’, ‘जुन्या चावडीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत’. सलग अकरा सोमवार आम्ही तिथे बसलो आणि ६४० ठिकाणांची बोलीतली नावं गोळा केली. प्रत्येक नाव प्रभागाला जोडलं. स्कॅन केलेल्या जड पीडीएफ फायली काढून माहिती सरळ तक्त्यात टाकली, कारण लोकांच्या फोनवर त्या उघडतच नव्हत्या.

चौथ्या का पाचव्या सोमवारी एक सफाई कामगार आला. वेतनाची यादी बघायची म्हणाला. आमच्या दुकानातल्या मुलाने शोधात ‘कर्मचाऱ्यांचे वेतन’ टंकलं. काहीच आलं नाही. यादी मी स्वतः चढवली होती! तो माणूस शांतपणे म्हणाला, ‘म्हणजे काढून टाकली.’ मला ते फार लागलं. कारण शोधायला तीन रात्री गेल्या. ‘ऱ्या’ दोन पद्धतीने लिहिता येतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र्, त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग या. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द. आमचा कन्व्हर्टर दुसऱ्या पद्धतीने लिहीत होता आणि टंकणारा पहिल्या. ‘ॲड.’चंही तेच; अ वर चंद्र देऊन लिहिलेला वेगळा आणि एकसंध ॲ वेगळा. भागीदाराने वहीत नवीन पान घातलं आणि शोधण्याआधी दोन्ही रूपं एक करून टाकली. पुढच्या सोमवारी त्या कामगाराने आपलं नाव स्वतः टंकून शोधलं. मराठी संकेतस्थळ करणाऱ्या प्रत्येकाने हे आजच तपासावं. ‘कर्मचाऱ्यांचे’ दोन्ही पद्धतीने टंका आणि बघा.

चिठ्ठ्यांमधला सगळ्यात मोठा ढीग रस्त्यांचा होता. ठेकेदार कोण, रक्कम किती, हे आम्ही दिलंच होतं. लोकांना पुढचं हवं होतं : खड्डा पडला तर बुजवायची जबाबदारी कुणाची आणि कधीपर्यंत? करारात दोषदायित्व कालावधी असतो, त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. आम्ही त्याचा एक रकाना घातला. मुदत संपायची तारीख आणि झालेल्या कामाची मापं ज्यात नोंदवतात त्या मोजमाप पुस्तिकेचा क्रमांक. त्या एका रकान्याचा मला आमच्या सगळ्या कामांपेक्षा जास्त अभिमान आहे.

त्यानंतर आमचं बिल अडकलं. कारण लेखी कुणी दिलं नाही. आधी तरतूद नाही, मग मार्च एंडिंग, मग मुख्याधिकारी बदलले, मग नव्यांनी विचारलं की काम पूर्ण झाल्याचा दाखला कुठे आहे. तो दाखला आम्ही घेतला नव्हता, तोंडी शब्दावर विसंबलो होतो. एकोणीस महिने गेले. सर्व्हरचं भाडं आम्ही खिशातून भरत राहिलो, कारण ते बंद केलं तर रकाना जाईल. लेझर प्रिंटर विकला, माझी स्कूटर विकली. २०१३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी ३१२ लग्नपत्रिका केल्या आणि त्यावर दोन्ही घरं चालली. जूनमध्ये भागीदार म्हणाला, ‘आता मुलीची फी भरायचीय.’ तो पुण्याला नोकरीला गेला. भांडण झालं नाही. वही माझ्याकडे ठेवून गेला.

बिल अखेर मिळालं, आणि २०१५ मध्ये त्याच संकेतस्थळाची नवी निविदा निघाली. अट घातली होती, गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल ५० लाख. ज्यांनी एकोणीस महिने आमचे पैसे ठेवले त्यांनीच आमची उलाढाल विचारली. तांत्रिक लिफाफ्यातच आम्ही बाद. दराचा लिफाफा उघडलाही नाही. काम एका मोठ्या शहरातल्या कंपनीला गेलं. नवं संकेतस्थळ मी पहिल्या दिवशी पाहिलं. चकचकीत, वर फिरती छायाचित्रं. ठिकाणांच्या यादीत आमची ६४० नावं जशीच्या तशी. भागीदाराने एका ठिकाणी ‘चावडी’चं ‘चावाडी’ केलं होतं, ते सुद्धा तसंच. रकाना मात्र नव्हता. त्या कंपनीच्या माहितीपत्रकात ‘लोकसहभागातून निर्मिती’ असं छापलं होतं, आणि त्यांचं एक माणूस त्या बाजारात बसलेलं कुणी पाहिलं नाही.

सरांनी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दोषदायित्वाची सगळी यादी मागितली. दोन रुपये पानाप्रमाणे ८६ पानं, १७२ रुपये. ती आमच्याकडे टंकून घेतली आणि वाचनालयाच्या फलकावर लावली. टंकायचे पैसे मी नको म्हणालो, तरी देऊन गेले.

पुढची वर्षं ग्रामपंचायती, पतसंस्था, शाळा अशी गेली. २०१९ च्या महापुरात गाळ्यात पाणी शिरलं, तेही सावरलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजस्थानात सरकारी माहिती लोकांनी न मागता खुली करणारं जन सूचना पोर्टल सुरू झालं. मजदूर किसान शक्ती संघटनेसारख्या संघटनांचे कार्यकर्ते आणि सरकारी अधिकारी समोरासमोर बसून कुठली माहिती कशी दाखवायची ते ठरवत होते. ज्या लोकांनी १९९४ पासून जनसुनवाईत, म्हणजे जाहीर सुनावणीत, गावासमोर मजुरांचे हजेरीपट (मस्टर) वाचून दाखवले, त्यांनीच हे घडवून आणावं यात नवल नाही. मला आनंद झाला आणि त्या रात्री झोपही आली नाही. आमचं टेबल त्याच्या आठ वर्षं आधी बाजारात लागलं होतं.

नव्याने या धंद्यात येणाऱ्या मुलांना सांगतो. डोमेन कार्यालयाच्याच नावावर घ्या, पण काम पूर्ण झाल्याचा दाखला सही-शिक्क्यासह हातात आल्याशिवाय पासवर्ड देऊ नका. गोळा केलेल्या माहितीवर ती कुणी, कधी, कुठे गोळा केली हे लिहून ठेवा. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या संस्थेकडून करायच्या सुरक्षा तपासणीचा खर्च दरात आधीच धरा, नंतर कुणी देत नाही.

त्या नगरपरिषदेची निविदा यंदा पुन्हा निघाली आहे. या वेळी उलाढालीची अट नाही. अटींमध्ये एक ओळ नवी आहे : आठवडे बाजाराच्या दिवशी नागरिकांकडून किमान तीन वेळा चाचणी. ही ओळ घालावी म्हणून सरांनी वयाच्या ऐंशीव्या वर्षी चार पत्रं दिली होती. चारही आमच्याकडेच छापली. निविदेसोबतची अनामत, म्हणजे बयाणा रक्कम, मी भरली आहे. भागीदाराला फोन केला, तर त्याने वहीतल्या ‘ऱ्या’च्या पानाचा फोटो मागवला. दराचा लिफाफा मंगळवारी उघडणार आहे.