तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बैलाचे हाल होताहेत का?

नागपुरात पशुवैद्य म्हणून ओळख झाली की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. एक घरच्या कुत्र्याचा असतो, तो सोडून देऊ. दुसरा असा: "मॅडम, काटोल रोडनं येत होतो. एका वावरात बैल बांधला होता, नुसती हाडं. मालकाला काही वाटत नसेल का? तक्रार करावी का?" सोबत चालत्या गाडीतून काढलेला फोटो. विचारणारे मनानं चांगले असतात. गाडी थांबवत नाहीत, एवढंच.

अशा फोटोतला बैल मला फारसा उपयोगी पडत नाही. मी त्याच्या मागे काय आहे ते शोधते. गव्हाण आहे का, पाण्याचं टाकं किंवा बादली आहे का, दुपारी सावली कुठल्या बाजूला पडत असेल, आणि आजूबाजूला आणखी ढोरं आहेत का. नेमकं हेच बहुतेक फोटोंत कापलेलं असतं.

बरगड्यांचं आधी सांगते, कारण सगळ्यांची नजर तिथंच अडकते. नागपूर-वर्ध्याकडची आपली देशी गाय म्हणजे गवळाऊ. पांढरी, उंच पायांची, लांबट तोंडाची, अंगानं सडसडीत. चपळ चालीसाठी आणि हलक्या गाडीसाठी नावाजलेली जात. तिला कितीही चारा, मुऱ्हा म्हशीसारखी ती कधीच भरत नाही. शेवटच्या दोन-तीन बरगड्या तिच्या अंगावर पुसटशा दिसल्या तर मी पुढे जाते. माझा हात जातो तो कमरेच्या हाडावर आणि शेपटीच्या मुळाशी. तिथं मांसाचा थर लागतो की कातडी थेट हाडाला चिकटली आहे, यावरून आम्ही १ ते ५ असे गुण देतो. १ म्हणजे सापळा, ५ म्हणजे नुसती चरबी. दुधाळ संकरित गाय व्यायल्यावर पहिले दीड-दोन महिने उतरतेच. जितकं दूध देते तितकं तिला खाणं जमत नाही, अंगावरचं दुधात जातं. तिच्या कमरेची हाडं रस्त्यावरूनही मोजता येतात, आणि त्याच वेळी तिच्यापुढे ढेपेची, म्हणजे पेंडीची, पाटी असते, हिरवा चारा असतो.

ऋतूचंही तसंच. मे महिन्यात विदर्भातलं रानात चरणारं कोणतंही जनावर उतरलेलं दिसतं. रान वाळलेलं, कोठ्यात गेल्या हंगामाचं सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार, म्हणजे भुसा. तेच जनावर पोळ्याला बघा, ओळखू येणार नाही. म्हणून फोटो आला की मी पहिलं विचारते, कधीचा आहे?

काटोल तालुक्यातल्या एका संत्र्याच्या बागेजवळचा बैल मला चांगला आठवतो. कुणी तरी फोटो पाठवला, तक्रार झाली, म्हणून मला बघायला बोलावलं होतं. बैल खरंच वाईट दिसत होता. पाठ खोलगट, मांड्या सुकलेल्या, डोळ्यांच्या वर खड्डे. तोंड उघडून बघितलं तर पुढचे दात झिजून हिरड्यांशी आलेले. शेण काडीनं पसरलं तर त्यात कडब्याचे लांब तुकडे आणि ज्वारीचे अख्खे दाणे, म्हणजे चावलंच जात नव्हतं. मग त्याच्या कानात बोट फिरवलं. आत एक गोचीड नाही. इतक्या म्हाताऱ्या जनावराच्या कानात गोचीड नसणं म्हणजे रोज कुणाचा तरी हात तिथं फिरतो आहे. गव्हाणीत भिजवलेली ढेप होती, बारीक चाळलेलं कुटार होतं. जुवाचा जुना घट्टा खांद्यावर होता, पण कोरडा आणि केस आलेला. त्याला औताला लावून बराच काळ झालेला.

मालक बांधावर बसून होते. म्हणाले, "फोटो काहाडला अन् चालले गेले ते पोट्टे. इचारलं असतं त सांगतलं असतं मी. हा माह्या पोरीच्या लग्नाच्या आंधीपासून हाय. आता कुठं धाडू याले?"

हा प्रश्न टाळता येत नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. कायद्याबद्दल तुमचं मत काहीही असो, म्हाताऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक उरलेलं नाही. तो एक तर दावणीला राहतो, नाहीतर रात्री कुणी तरी त्याला लांबच्या रस्त्यावर सोडून येतं. दावणीचा बैल वाळत वाळत सगळ्यांना दिसतो. सोडून देणाऱ्याची दावण रिकामी असते, तिचा फोटो कुणी काढत नाही.

मग हयगय ओळखायची कशी? मी एका जनावरावरून ठरवत नाही. दावणीला पाच ढोरं असतील आणि त्यांतलं एकच वाळलेलं असेल, तर ते म्हातारं आहे, आजारी आहे, पोटात जंत आहेत किंवा नुकतंच व्यायलेलं आहे. पाचही वाळलेली असतील तर चाऱ्याचा प्रश्न आहे, आणि मग मालकाकडे वळायचं. तिथंही घाई नको. सगळ्या गावाचीच ढोरं उतरलेली असतील तर ती टंचाई. शेजारच्या कोठ्यातली बरी आणि याचीच वाळलेली, हे दिसलं की मी वही काढते.

त्याआधी पाणी. मोठ्या जनावराला दिवसाला साधारण ४० ते ६० लिटर पाणी लागतं, नागपुरी उन्हाळ्यात आणि दुभत्याला त्याहून जास्त. मालक चारा कुठून आणतो हे रंगवून सांगू शकतो. पाण्याचं तसं नसतं. टाकं ओलं आहे की त्याच्या तळाशी शेवाळाचा वाळलेला पापुद्रा सुटला आहे, हे लगेच दिसतं. दावं टाक्यापर्यंत पोचतं का, तेही दिसतं. पाण्यानं भरलेलं टाकं आणि त्यापासून हातभर अलीकडे संपणारं दावं, असंही मी पाहिलं आहे.

काही खुणा तयार व्हायला वेळ लागतो, आणि त्यांना मी सगळ्यांत जास्त मान देते. खूर महिन्याला जेमतेम अर्धा सेंटिमीटर वाढतो. पुढे वाकून, एकमेकांवर चढलेले खूर दिसले तर ते एका आठवड्याचं काम नाही. किती तरी महिने त्या पायांकडे कुणी पाहिलेलं नाही. दाव्याचंही तसंच. कालवड लहान असताना गळ्यात बांधलेली दोरी, कालवड वाढते, दोरी तेवढीच राहते, कातडीत रुतते, वरून केस झाकून टाकतात. लांबून मान फक्त थोडी सुजल्यासारखी वाटते. जवळ गेलं की वास येतो. अशी दोरी कापून काढताना माझ्या मनात मालकाबद्दल काही शंका उरत नाही.

उलट, ज्या खुणेनं लोक सर्वांत जास्त हादरतात ती फसवी असते. जखमेत अळ्या. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की एका दिवसात अंडी फुटतात. काल तारेनं कापलेल्या म्हशीच्या जखमेत उद्या अळ्या असू शकतात, आणि मालक परवा तालुक्याला गेलेला असू शकतो. लम्पी या त्वचारोगाचे व्रणही असेच. २०२२च्या साथीत ज्या जनावरांना गाठी आल्या, त्यांतल्या कित्येकांच्या अंगावर त्या गळून गेल्यावर खड्डे आणि डाग राहिले. बघणाऱ्याला वाटतं कुणी तरी चटके दिलेत. खरं म्हणजे ती वाचलेली जनावरं, आणि त्या साथीत जनावर वाचलं ते बहुधा मालक रात्रंदिवस जवळ होता म्हणून.

चिखलाचा खुलासा एका ओळीत: म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी, कातडी काळी, तिला चिखल लागतोच. गायीच्या मांडीवर मात्र शेणाचे वाळलेले थरावर थर दिसले तर तिला बसायला कोरडी जागा नाही, हे नक्की.

आता ज्याबद्दल मला कुणी विचारत नाही ते सांगते. शहराच्या कडेला, वस्तीला लागून, पत्र्याच्या शेडमधले तबेले आहेत. जनावरं भरलेली, कातडी चकाकणारी. रस्त्यावरून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. आत जा. सिमेंटची ओली जमीन, वर तापलेला पत्रा, दुपारी तोंड उघडून धापा टाकणाऱ्या म्हशी. वर्षभर त्याच खुंट्याला बांधल्यानं गुडघे आणि मागच्या पायांचे सांधे सुजलेले. अशा ठिकाणी मी म्हशींकडे नंतर बघते, आधी कोपऱ्यातलं पारडू शोधते, त्यातही नर. तबेल्याच्या हिशेबात त्याची किंमत एवढीच, की त्याला आचळाला लावलं की म्हैस पान्हा सोडते. चार घोट झाले की ओढून बाजूला बांधायचं. केस उभे आणि राठ, पोट माठासारखं, बाकी अंगाला मांस नाही. पोटात जंत असतात, म्हशीच्या पारड्यांना ते आईच्या दुधातूनच येतात. जन्मल्यावर वेळेत दिलेल्या स्वस्त औषधानं ते मरतात. ते औषध दिलेलं नसतं. पारडू मेलं तर कुणी रडत नाही, म्हशीला आंबवणावर, म्हणजे भिजवलेल्या खुराकावर, किंवा इंजेक्शनवर पिळतात. मालकाची परिस्थिती उत्तम, चारा भरपूर, दवाखाना हाकेच्या अंतरावर, आणि तरीही हे. माझ्या लेखी हयगय ती ही. काटोलच्या त्या बैलमालकाकडे यातलं काहीच नव्हतं, आणि तक्रार झाली ती त्याची.

नागपूरच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गायींचंही उलटंच असतं. पोट टम्म, म्हणून लोक म्हणतात बरी खाऊन-पिऊन आहे. त्या पोटात पुष्कळदा प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा असतो, तो ना पुढे सरकतो ना बाहेर येतो. पोट मोठं आणि पाठीचा कणा वर आलेला, असं एकत्र दिसलं तर काळजी करा. यांतल्या बऱ्याच गायी बेवारस नसतात. सकाळी दूध काढून मालक त्यांना सोडतो, संध्याकाळी त्या आपण होऊन घरी जातात. कोंडवाड्यात गेल्या की मालक बरोबर उगवतो.

आणखी एका गोष्टीत लोक हमखास गल्लत करतात. नुकती व्यायलेली गाय बसली आहे, उठत नाही, मान वळवून कुशीवर टाकली आहे, कान थंडगार. हा दुग्धज्वर, रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. मालकाचा यात काही दोष नसतो, बहुधा तो तिच्याजवळच बसून असतो. पण हातात तास-दोन तासच असतात. इथं तक्रार लिहीत बसू नका, डॉक्टर गाठा.

कायद्याचं विचाराल तर १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे, आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणंही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हो, पन्नास. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५चे वेगळे नियम आहेत. ज्या भागात पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथं दुपारी १२ ते ३ त्यांना जुंपायचं नाही, दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. आपल्याकडे एप्रिलपासूनच पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा भर दुपारी लोखंडी सळ्यांची बैलगाडी दिसली तर तुम्हाला बरगड्या मोजायची गरजच नाही, घड्याळ बघा.

राहिलं काय करायचं ते. गाडी थांबवा. धुऱ्यावरून हाक मारा, "काकाजी, बैलाले काही झालं का जी?" असं विचारा, "तुम्ही याला खायला देत नाही का?" असं नको. पहिल्या प्रश्नावर माणूस दहा मिनिटं बोलतो. बैलाचं वय सांगतो, कोणतं औषध चालू आहे ते सांगतो, नाही तर डॉक्टर आणायला पैसे नाहीत हेही सांगतो. पैशांचीच अडचण असेल तर त्याला १९६२ हा नंबर द्या. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीचा तो टोल फ्री नंबर आहे आणि कित्येक शेतकऱ्यांना तो अजून माहीत नाही. शहराजवळ असाल तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना आहे. आणि मालक सापडतच नसेल, जनावर पडून असेल, टाकं कोरडं असेल, तर तिथूनच १९६२ला फोन लावा, पोलिसांनाही कळवा. फोटो जरूर काढा. फक्त त्यात टाकं आणि दावं आलं पाहिजे, आणि उद्या त्याच वेळी तिथंच दुसरा काढता आला तर मला दोन्ही पाठवा.